सहा खेपांचा नवस

आयुष्यात मी तिरुपतीला एकदाच गेले, तेही चार वर्षांची असताना, आणि तेव्हाही मी बाबांच्या खांद्यावर झोपून होते असं सगळे सांगतात. तरीही यंदा मार्चमध्ये आणि अर्ध्या एप्रिलात आमच्या ऑफिसातला जो तो छातीठोकपणे सांगत होता, की रंजना मॅडम दर एकवीस दिवसांनी बालाजीला जाऊन येतात. हे कसं झालं ते मीच नीट सांगते. नंतर ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने सांगितलं आणि त्यात माझ्या सासूबाई उगाचच देवमाणूस ठरल्या.

आम्ही हैदराबादचे, बरकतपुऱ्याचे. सासरी तीन पिढ्या सरकारी नोकरी, नवरा मकरंदही ट्रेझरीत. घरात खासगीत मी एकटीच. मलकपेठेत आमची कंपनी शाळांची पुस्तकं आणि गाइडं छापते. खाली गोदाम, वर ऑफिस. तिथे सोळा वर्षं मी डिस्पॅच बघते. शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणजे एप्रिल ते जून आमची धुमश्चक्री. कुठली लॉरी कुठल्या रस्त्याने जाईल, कुठला गठ्ठा आधी उतरायचा म्हणून वर आणि कुठला तळाशी, हे सगळं माझ्या डोक्यात असतं. मला राग लवकर येतो, पोळ्या बेताच्याच येतात, पण लॉरी भरावी तर मीच.

जानेवारीत गाठ सापडली. डाव्या स्तनात, सुपारीएवढी. तपासलं तर कॅन्सर. डॉक्टर बोलत होते आणि मला मरणाचा नाही, दिलीपचा विचार आला. सांगायला लाज वाटते, पण आला.

दिलीप आमच्याकडे खरेदी बघायचा. दोन वर्षांपूर्वी त्याची बायपास झाली. तो परत आला तेव्हा सगळ्यांनी त्याला खिडकीपाशी हवेशीर खुर्ची दिली, पेपर दिला, अकराला चहा दिला. कागदाचा भाव विचारायचा तर दुसऱ्याला विचारू लागले. त्याला कुणी काढलं नाही हो. त्याला जपलं. आठ महिने जपून घेतलं आणि मग त्यानेच राजीनामा दिला. त्याच्या निरोपाला मीच समोसे मागवले होते. ते आठवलं आणि मी डॉक्टरांसमोर ठरवलं, ऑफिसात कुणालाही कळता कामा नये. डिस्पॅच गेलं तर मी राहते कशाची?

हॉस्पिटलात पहिल्या दिवशी माझ्या हातात अकरा कागद आणि समोर तीन इमारती. सोनोग्राफी एकीकडे, हृदयाची तपासणी दुसरीकडे, इन्शुरन्सचा सही-शिक्का तिसरीकडे. राज्यभर लॉरी पाठवणारी मी, तिथे दोनदा त्याच लिफ्टने त्याच मजल्यावर पोचले. मग गळ्यात कार्ड घातलेली एक पोरगेली मुलगी आली, मानसी. ती तिथली पेशंट नॅव्हिगेटर. हे काय प्रकरण असतं ते मला माहीत नव्हतं. तिने माझे कागद घेतले, जमिनीवर उकिडवी बसून क्रमाने लावले, चार फोन केले आणि तीन दिवसांचं काम एका दुपारी उरकलं. मी मनात म्हटलं, ही माझ्या जातीची आहे. ही डिस्पॅचवाली आहे.

तिचे आईवडील पुण्याहून नोकरीसाठी इकडे आलेले, ही इथेच वाढलेली. बोलायची फर्राटेदार, पण मराठी वाचायला दिलं की जीभ अडखळायची. तिने डोस शुक्रवारी लावून दिले, म्हणजे शनिवार-रविवार घरात जावेत. सहा डोस, दर एकवीस दिवसांनी, शेवटचा एकोणतीस मेला. मग ती म्हणाली, की आता ऑफिसला सांगायचं. डॉक्टरांचं पत्र मिळतं, कामाचे दिवस बदलून घेता येतात, ती सगळं लिहून देईल. मी म्हटलं, नाव काढू नकोस. तिने मान डोलावली. पण तिने वहीत काहीतरी लिहिलं ते मी पाहिलं.

पहिला डोस तेरा फेब्रुवारीला झाला. मार्च उजाडायच्या आत केस उशीवर राहू लागले. एका रविवारी मकरंदने मशीन फिरवली. सासूबाईंनी, म्हणजे इंदुताईंनी, स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं. त्यांच्या लेखी बाईच्या मुंडणाचा एकच अर्थ, आणि त्यांचा मुलगा तर समोर धडधाकट उभा. मी त्यांना दोष देत नाही. मलाही आरशात माझी केशवपन झालेली आत्याआजी दिसली आणि मी नळ सोडून रडले.

संध्याकाळी कचरा ठेवायला जिन्यात गेले, तर वरच्या मजल्यावरची तेलुगू शेजारीण समोर आली. माझ्या डोक्याकडे बघितलं, हात जोडले, "गोविंदा, गोविंदा" म्हणाली आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. मी दगड. मागून सासूबाई आल्या होत्या. कधी कुणाचा एक रुपया किंवा एक शब्द इकडचा तिकडे न केलेल्या त्या बाईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "हौ. बालाजी."

झालं. हैदराबादेत बाईने डोकं भादरलं तर लोक तिरुपतीच समजतात, हे चाळीस वर्षं इथे राहून आमच्या डोक्यात आलं नव्हतं. त्या रात्री सासूबाई मला ताटावर ताक वाढत म्हणाल्या, की इथल्या सवाष्णी करतातच की, त्यात काय एवढं. आणि मग आम्ही दोघी हसायला लागलो ते मकरंद उठून आला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मला तोंड उघडावंच लागलं नाही. स्कार्फ जरा मागे सरकला आणि चहा घेऊन जाणारी बाई ओरडली. मग सगळे जमले. सुट्टीत जाऊन आलात का, रांग किती होती, लाडू कुठे आहे. आमचे मालक, यादगिरी सर, केबिनमधून चप्पल काढून बाहेर आले. या माणसाला अकरा वर्षं तिरुपतीचं दर्शन झालेलं नाही. एकदा ताप आला, एकदा गाडी रद्द झाली, एकदा ऐन पायथ्याशी असताना चुलत्याचं सुतक पडलं. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तसं सोळा वर्षांत पाहिलं नव्हतं. मला शरम वाटली. पण बाई, सुटका किती सोपी झाली होती.

लाडवांचा प्रश्न सासूबाईंनी सोडवला. हिमायतनगरच्या देवळात तिरुपतीचे लाडू मिळतात. तिथे त्या रांगेत उभ्या राहिल्या आणि घेऊन आल्या. प्रवास खोटा, प्रसाद खरा, एवढं समाधान आम्ही मानून घेतलं.

आता एक औषधाची गोष्ट सांगितली पाहिजे. डोसच्या आदल्या दिवशी सकाळी एक गोळी घ्यायची असते, ॲलर्जी होऊ नये म्हणून. ती घेतली की माझ्या अंगात वारं शिरायचं. झोप नाही, भूक दुप्पट, आणि तोंड तर थांबायचंच नाही. घरची सगळी कपाटं मी अशाच दिवशी लावली. तर दुसऱ्या डोसच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, मी ती गोळी घेऊन ऑफिसात गेले आणि शुक्रवार ते मंगळवार रजा मागितली. सरांनी साहजिकच विचारलं, की परवाच तर जाऊन आलात, आता परत कुठे?

एखाद्या शहाण्या बाईने मावशी आजारी पाडली असती. मी म्हटलं, सहा खेपांचा नवस आहे. परवाची पहिली, आता उद्यापासून दर एकवीस दिवसांनी एक खेप, प्रत्येक वेळी मुंडण, आणि परत आल्यावर दोन दिवस मौन. मौन कुठून आलं देव जाणे. शिवाय मी म्हटलं, की मला वीस मिनिटांत दर्शन होतं. रांगेतले लोक आपण होऊन वाट देतात. मी सोन्याचा दरवाजा वर्णन केला, तिथली थंडी वर्णन केली, समोर उभं राहिल्यावर घशाशी काय होतं ते वर्णन केलं. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी त्याच संध्याकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर माझ्या उरलेल्या पाचही तारखांना पिवळ्या गंधाचे ठिपके लावले. माझ्या किमोच्या तारखा ऑफिसच्या भिंतीवर, गंध लावून.

पुढचे पाच आठवडे मी मजेत होते म्हटलं तर कुणाला खरं वाटणार नाही. तोंड यायचं, हाडं ठणकायची, सोमवारी उठवायचं नाही. पण बुधवारी ऑफिसात गेलं की चेहरा उतरलेला दिसला तर उपास, जेवण गेलं नाही तर उपास, बोलवत नसलं तर मौन. माझ्या प्रत्येक त्रासाला तिथे एक पवित्र कारण तयार असायचं. आणि डिस्पॅच माझ्याकडेच. माझा मदतनीस तेजस, ज्याच्यावर मी दिलीप गेल्यापासून माझी जागा घेईल म्हणून संशय धरून होते, तो तर पुण्य लागेल म्हणून माझी बॅग उचलायचा.

तेरा एप्रिलला, सोमवारी, सरांनी सगळ्यांसमोर माझ्या टेबलावर तिकिटं ठेवली. काचीगुड्याहून गुरुवारी संध्याकाळची गाडी. तीन जागा, त्यांची, त्यांच्या बायकोची आणि माझी. त्यांचा मुलगा दोन वर्षं नोकरीसाठी वणवण करत होता, त्याच्यासाठी त्यांनी मोक्कु बोलला होता. मोक्कु म्हणजे नवस. तुमच्यासोबत आलो तर आम्हालाही दर्शन होईल, असं ते म्हणाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

गुरुवारी गाडी, शुक्रवारी चौथा डोस. दुपारी गोदामाच्या मागे जाऊन मी मानसीला फोन लावला आणि सहज विचारावं तसं विचारलं, की डोस एक आठवडा पुढे जाईल ना. तिने कारण विचारलं. मी सांगितलं. सगळंच सांगितलं, मौनासकट. ती इतकी हसली की तिला फोन खाली ठेवावा लागला. परत आली तेव्हा तिचा आवाज वेगळा होता.

"काकू, गाठ अर्धी झालीय. तुम्हाला रिपोर्ट दाखवला ना मी? तिला एक हफ्ता सुट्टी द्यायची, एका लाडवासाठी?"

मी म्हटलं, की तुला कळत नाही, ते मला खुर्ची देतील. ती म्हणाली, की डोस नाही हलणार, ऑफिस हलवू. गुरुवारी लंचला मी येते. हे माझ्या कामात बसत नाही, पण येते. मी तिच्यावर चिडले, फोन ठेवला आणि चार लॉऱ्यांच्या माणसांना विनाकारण झापलं. रात्री मकरंदला म्हटलं, मी खरंच डोस पुढे ढकलणार होते रे. तो माझा हात धरून बसला.

गुरुवारी मी गोळी घेऊन ऑफिसात गेले. एक वाजता मानसी स्कूटरवरून आली, हेल्मेटमध्ये, हातात फाइल. सरांना वाटलं ती तिकीटवाल्यांकडून आलीय, म्हणून त्यांनी तिला थंड पाणी दिलं. माझा राग उतरल्यावर आदल्या दिवशी फोनवर आमचं ठरलं होतं, की तिने हळूहळू विषयाला हात घालायचा. पण अंगात वारं शिरलेल्या बाईला हळूहळू काय करायचं ते कळत नाही.

"सर, मी यंदा एकदाही तिरुपतीला गेले नाही," मी म्हटलं. "मला कॅन्सर आहे. केस औषधाने गेले. उद्या चौथा डोस आहे. आणि डिस्पॅच मी सोडणार नाही. दिलीपची खुर्ची मला दिलीत तर मी ती खिडकीतून खाली टाकीन."

पंखा फिरत होता. दारात तेजस उभा होता, त्याचं तोंड उघडं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"वो लड्डू?" ते म्हणाले.

"लाडू खरे आहेत, सर. हिमायतनगरचे. सासूबाई रांगेत उभ्या राहतात."

त्यांनी मान हलवली. मग ते भिंतीवरच्या ठिपक्यांकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील, देवाच्या नावाने खेळ केला म्हणतील.

"हमसे डरे क्या, मॅडम? सोला साल के बाद?"

"हौ, सर," मी म्हटलं, आणि रडू आलं. गोळीने रडूसुद्धा मोठ्याने येतं.

त्यांनाही काय करावं कळेना. तेव्हा मानसीने फाइल उघडून एक तक्ता टेबलावर पसरला. माझे एकवीस दिवस. लाल म्हणजे काम नाही, पिवळे म्हणजे घरून फोनवर, हिरवे म्हणजे ऑफिसात पूर्ण वेळ. खाली डॉक्टरांचं पत्र. ती सांगत गेली, की दुसऱ्या आठवड्यात गर्दीपासून लांब ठेवा, ताप आला तर कुणालाही न विचारता थेट हॉस्पिटल, ऑपरेशन जूनअखेर, म्हणजे तुमचा सीझन संपल्यावर. आणि हिरव्या दिवशी यांच्याकडून काम काढून घेऊ नका.

कुणाचं रडणं यादगिरी सरांना झेपत नाही, पण तक्ता दिसला की हा माणूस जागेवर येतो. त्यांनी पेन्सिल घेतली. लाल दिवस हलतील का विचारलं. नाही म्हटल्यावर तेजसला लॉऱ्यांचा तक्ता आणायला सांगितला आणि दोन्ही शेजारी ठेवले. आदिलाबाद सोमवारवरून गुरुवारवर गेलं. निजामाबाद आणि करीमनगर एका लॉरीत आलं, जे मी तीन वर्षं सांगत होते. तेजसने मध्येच धीर करून विचारलं, की म्हणजे डिस्पॅच मला नाही ना मिळणार, आणि नाही म्हटल्यावर त्याने भिंतीला टेकून श्वास सोडला. माझ्या रजा सुरू झाल्यापासून पोरगा त्या भीतीने झोपला नव्हता म्हणे. वीस मिनिटांत माझा कॅन्सर आमच्या डिस्पॅचमध्ये बसला.

सर आणि त्यांची बायको संध्याकाळी गेले. अठरा तास रांगेत उभे राहिले, पण दर्शन झालं. परत आले ते मुंडण करून. हे मुलाच्या नोकरीसाठी आहे, तुमच्यासाठी नाही, असं त्यांनी मला दोनदा बजावून सांगितलं. आम्ही दोघं समोरासमोर बसलो की गोदामातली माणसं काही ना काही कारण काढून वर यायची.

मग आता सगळं छान झालं म्हणाल. तक्त्यावर छान होतं. पण सर माझ्याशी हळू बोलायला लागले. हॉस्पिटलात बोलतात तशा आवाजात. "आराम से, अम्मा." पूर्वी हा माणूस तिसऱ्या मजल्यावरून गोदामातल्या हमालाशी फोन न लावता बोलायचा. माझ्या खुर्चीवर गादी आली. मी एक बिल चुकीचं लावलं तर तेजसने ते गुपचूप दुरुस्त केलं. मे महिन्यात दोनदा सरांनी लॉरीचं मला न विचारता त्याला विचारलं, आणि मी ओठ चावत बसले. मला ती खिडकीजवळची हवा लागायला लागली. मानसीला सांगितलं तर ती विचार करून म्हणाली, "काकू, याच्यासाठी माझ्याकडे फॉर्म नाही."

शेवटचा डोस एकोणतीस मेला झाला. सासूबाईंनी पुरणपोळ्या केल्या, मी अर्धी खाल्ली. बुधवारी, तीन जूनला, हिरवा दिवस. शाळा उघडायला नऊ दिवस. सकाळी मी स्वतः उभी राहून दोन लॉऱ्या भरल्या, एक वरंगलची, एक खम्ममची. हात जड होते, पण मन हलकं होतं, आणि मी भराभर सह्या केल्या.

साडेबाराला सर जिन्यावरून खाली आले. चप्पल न घालता. त्यांच्या हातात मालाची चलनं होती, आणि मानेची शीर मला लांबूनच दिसली.

"ये क्या किया, मॅडम? वरंगल का पूरा माल खम्मम जा रहा है. सातवी का सायन्स, पूरा. सोला साल से लारी भर रहे, चलान देखने को नहीं हुआ क्या?"

हमालांनी गठ्ठे खाली ठेवले. आवाज तर असा, की समोरच्या चहाच्या टपरीवरचे लोक वळून बघायला लागले. तेजस धावत मध्ये आला आणि म्हणाला, की सर, मॅडमची तब्येत, परवाच डोस झाला. सर त्याच्यावर वळले.

"तब्येत को क्या हुआ? डिस्पॅच उनका है कि तब्येत का? तू चुप बैठ."

आणि पुन्हा माझ्याकडे. मग पाच मिनिटं त्यांनी माझी जी काढली ती इथे लिहिण्यासारखी नाही. माझी घाई काढली, माझी सही काढली, गेल्या साली मी पाठवलेले गाइडांचे उलटे गठ्ठेसुद्धा काढले. चूक माझीच होती. निव्वळ माझी. आणि मी तिथे उभी राहून, डोक्यावर एक केस नाही, पायात त्राण नाही, अशी हसत होते. मला आवरेना. इतका आनंद मला रिपोर्टमध्ये गाठ अर्धी झाल्याचं वाचून झाला नव्हता.

"हंसते क्या खडे?" सर म्हणाले. "लारी रोको."

मी फोन लावला. खम्ममवाला ड्रायव्हर सूर्यापेटच्या अलीकडे जेवायला थांबला होता. मी त्याला म्हटलं, ताटावरून उठू नकोस, पण लॉरी हलवलीस तर बघ. सर शेजारी उभे राहून ऐकत होते.